तुळजाबाईचं कासव

"हळू रे बाबा, आपटू नको त्याला," तुळजाबाई विहिरीच्या काठावरून पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि खाली तिचा पुतण्या सोमनाथ कमरेला दोर बांधून गुडघाभर चिखलात कासवामागे धडपडत होता. काठाशी जेसीबी उभा होता. ड्रायव्हर बिडी ओढत मजा बघत होता. विहीर दोन-तीन उन्हाळे सलग आटली होती, त्यात मागच्या महिन्यात सोमनाथची गाभण कालवड आत पडून मेली. त्याने विहीर बुजवायची ठरवली, त्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. पण विहिरीत कासव होतं.

चकलांब्याच्या शिवारात पूर्वी बहुतेक विहिरींत असायचं. किडे-अळ्या खातं, पाणी स्वच्छ ठेवतं, म्हणून जुनी माणसं मुद्दाम आणून सोडायची. हे तुळजाबाईच्या आजेसासऱ्याने सोडलेलं. घरात नवी सून आली की तिच्या हातची पहिली भाकरी या कासवाला टाकायची, अशी त्या घरची रीत होती. तुळजाबाईने टाकली तेव्हा तिला नीट लुगडं नेसता येत नव्हतं. पुढे आजेसासरा गेला, सासरा गेला, सासू गेली, नवराही गेला. कासव आपलं कपारीतल्या दगडावर पाठ उन्हाला देऊन बसलेलं. एवढ्या मयती झाल्या, पण पठ्ठ्याची पापणी लवली नाही.

त्याला नाव नव्हतं. नाव ठेवून करायचं काय, हाक मारली म्हणून ते थोडंच येणार होतं! तुळजाबाईला मूलबाळ झालं नाही. शेळ्या होत्या, पण शेळीचं आयुष्य ते केवढं, लळा लागेपर्यंत बाजार येतो. बायांनी मारलेले टोमणे, नवऱ्याचं आजारपण, सगळं तिने विहिरीत वाकून त्या कासवाला सांगितलं होतं. अलीकडे तिला एकच घोर लागला होता. आपल्या मागे याला बघणार कोण?

आता तो घोर आजच दारात येऊन बसला. सोमनाथ म्हणाला, गाडीवर घालून गोदावरीत सोडून येतो. तुळजाबाईने साफ नाही म्हटलं. मागच्या साली मोटारसायकलवरून दोघं आले होते, विहिरी धुंडाळत. वीस नखांचं कासव असलं की पैशाचा पाऊस पडतो म्हणे! यांचा पाऊस पडायचा आणि कासवाचा जीव जायचा. कासवाला नखं किती, हे तुळजाबाईने कधी मोजलं नव्हतं आणि त्या दोघांना मोजूही दिलं नव्हतं. कोयता घेऊन ती विहिरीपाशी उभी राहिली, तशी गाडी आल्या वाटेने गेली. असली माणसं नदीकाठाला कमी का असतील?

घरी ठेवावं तर फॉरेस्टवाले केस करतात, असं सोमनाथ म्हणाला. शिवाय घरात प्यायचं पाणीच टँकरचं. मग तिने घमेल्यात ओलं पोतं घातलं, त्यात कासव ठेवलं आणि वस्त्या-वस्त्या फिरली. कुणाची विहीर कोरडी, कुणाची बुजवलेली. बाकी सगळीकडे बोअर. बोअरच्या एवढ्याशा भोकात कासव सोडायचं कसं?

शेवटी ती रामकिसनच्या शेततळ्यावर आली. रामकिसन गावातला मोठा बागाईतदार, पण माणूस मायाळू. तळ्यात ऐन चैत्रात वावभर खोल पाणी, भोवती तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप. तुळजाबाईला हे सगळं बघूनच गार वाटलं.

"सोडा की काकू," तो म्हणाला. "माझे पोरं बी बघतेल त्याला तुमच्या मागं."

एवढंच तर तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. तिने कासवाला हळदकुंकू लावलं, पाण्यात सोडलं आणि घरी येऊन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

रोज सकाळी शेळ्या सोडायच्या आधी ती भाकरी आणि रामकिसनने दिलेली फाटकाची किल्ली घेऊन तळ्यावर जाऊ लागली. कासव काठाशी यायचं, पुढचे पाय तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकच्या काळ्या कागदावर खरवडायचं, घसरायचं, पुन्हा खरवडायचं. जन्मात कधी जवळ न आलेलं जनावर एवढी ओढ दाखवतंय म्हणून तुळजाबाई हरखून गेली. मला वळखायलंय आता, असं तिने भेटेल त्याला सांगितलं. सोमनाथ हसला तर त्याच्यावर रुसली.

मग एक दिवस ती जरा लवकर गेली. कासव पलीकडच्या काठाला होतं, तिच्याकडे पाठ करून. तिथेही ते खरवडतच होतं. हातभर चढायचं आणि सरकन खाली यायचं. थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच. तुळजाबाई फाटकाला धरून उभी राहिली. अगं बाई, हे आपल्याला भेटायला येत नव्हतं. हे बाहेर निघायला बघत होतं.

विहिरीत त्याला दमलं की टेकायला दगड होता. इथे चारही बाजूंनी गुळगुळीत प्लास्टिक. यात कुत्रं पडलं तर निघत नाही, हे गावाला ठाऊक होतं, तिलाही होतं. पण कासव पाण्यातलं जनावर, पाणी दिलं की झालं, असं ती धरून चालली होती.

ती रामकिसनकडे धावली. एखादा दगड टाका, फळी टाका, म्हणून पाया पडायला लागली. त्याने तिला उठवलं.

"काकू, कागद फाटला तर सगळं पानी जमिनीत जाईल. माझी मोसंबी ह्याच्यावरच हाय. तुमीच सांगा, काय करू?"

त्याचंही खरं होतं. त्याने गडी लावून जाळं टाकून बघितलं, कासव बुडी मारून तळाला गेलं. आत उतरायला कुणी धजेना. सोमनाथ म्हणाला, दोर बांधून उतरतो, पर ते खोल पान्यात माझ्या हाताला लागंल का? तेही खरंच.

मग तुळजाबाईने घरच्या दोन गोधड्या एकीला एक शिवल्या, कुंपणाच्या खांबाला बांधल्या आणि तळ्यात सोडल्या. गोधडीत नखं रुततील, कागदालाही धक्का नाही. रामकिसनने होकार दिला. गोधडीपाशी तिने भाकरी टाकली. कासव पलीकडे खरवडत राहिलं. ती वळसा घालून तिकडे गेली, हातवारे करून हाकललं, तर ते बुडी मारून तिसऱ्याच कोपऱ्यात निघालं.

"तिकडं जाय रे, बाबा," ती म्हणायची. "तिकडं वाट हाय."

रोज उन्हं तापेपर्यंत ती अशी तळ्याभोवती फिरायची. आयुष्यात ती एवढी लाचार कधी झाली नव्हती. नवरा गेला तेव्हाही नाही. तेव्हा निदान दोष द्यायला डॉक्टर होता. इथे घमेल्यातून आणून, हळदकुंकू लावून, तिनेच सोडलं होतं. कासवाचं खरवडणं दिवसेंदिवस मंद होत गेलं आणि ते तिला दिसत होतं.

अक्षय्य तृतीयेच्या आसपास रामकिसनचा निरोप आला. ती गेली तेव्हा त्याने बांबूला आकडी लावून कासव बाहेर काढून ठेवलं होतं. बांधावर मातीत, नीट पालथं, वर स्वतःचा रुमाल टाकलेला. हातात कुदळ घेऊन तो बाजूला उभा होता. 

तुळजाबाई खाली बसली. तिने रुमाल काढून घडी केला आणि त्याला परत दिला. कासवाच्या पाठीवर हात फिरवला, तळव्याला शेवाळ लागलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही.

"हितंच खड्डा घेऊ का, काकू?" रामकिसनने विचारलं. "ऊन लई व्हायलंय."

"घ्या," ती म्हणाली. "पर जरा दमानं. पाठ सुकू द्या त्याची."

तिची सावली त्याच्या पाठीवर पडत होती. ती थोडी बाजूला सरकून बसली.