सोळा पट्ट्या

तिसऱ्यांदा इंजीन गचकलं आणि गाडीची मागची चाकं वाळूत पार आसापर्यंत रुतली. हिंदुराव खाली उतरला, त्याने पँटची वाळू झटकली आणि सोमाकडे न बघता तो चेन तपासायला लागला. त्याने टोमणा मारला असता तर सोमाला बरं वाटलं असतं.

बदलापूरला, हेंद्रेपाड्याच्या खाली नदीकाठी, वाळूचा मोठा पट्टा होता. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या लधारामशेठच्या टायर रिमोल्डच्या, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायच्या, वर्कशॉपातले हे दोघे सकाळपासून तिथे घाम गाळत होते. गाडी म्हणजे चार फुगीर चाकांची मोटरसायकल, दुबईहून जुनी आलेली. मुरूडच्या एका हॉटेलवाल्याला ती समुद्राच्या वाळूवर गिऱ्हाइकं फिरवायला हवी होती. साधं टायर वाळूत जागच्या जागी गरगरतं. म्हणून मागच्या दोन्ही गुळगुळीत टायरांवर रबराच्या आडव्या पट्ट्या बसवायच्या आणि वल्ह्याने पाणी सारावं तशी त्यांनी वाळू मागे सारायची. हॉटेलवाल्याने कॅटलॉगचं एक झेरॉक्स पान दिलं होतं. त्या चित्रात टायरला आठ पट्ट्या होत्या. सोमाने प्रत्येकी सोळा बसवल्या होत्या.

"काका, चित्रात आठच हायत," हिंदुराव पंधरा दिवसांपूर्वीच म्हणाला होता. "इंजीन बारकं हाय. ओढंल का?"

"चित्र काढणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? बावीस वर्षं रबरात काढली मी. रबर कमी देणं म्हंजे चोरी, समजला?"

सोमा काही फुशारकी मारत नव्हता. त्या धंद्यात बोटभर रबराच्या जागी अर्धं बोट चढवून वर काळी पॉलिश मारणारे गल्लोगल्ली होते. सोमाने ते पाप कधी केलं नाही. अंबरनाथचा त्याचा रबर कारखाना बंद पडला तेव्हा तो तीन वर्षं घरी बसला होता. बायको शालन सिंध्यांकडे पापड लाटायला जायची. त्या तीन वर्षांत त्याला कोणी 'मिस्त्री' म्हणून हाक मारली नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. पुढे लधारामशेठने ती हाक परत दिली. आता शेठ लहान शेडमध्ये जाणार होता. त्याने दोघांना समोर उभं करून स्वच्छ सांगितलं होतं, "उधर एकही मिस्त्री रहेगा. जो ये गाडी रेती पे चलायेगा, वो."

आणि गाडी तर हलायला तयार नव्हती. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा सोमाने दोष गिअरला दिला. मागचं अडतीस दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं चक्र, काढून चव्वेचाळीसचं चढवलं. गाडी जड ओढायला लागली की मागे दाते वाढवायचे, हे कोणीही सांगेल. पण आता इंजीन नुसतं बोंबलत होतं, गाडी गोगलगायीसारखी सरकत होती आणि चाकं स्वतःसाठी खड्डा खणत होती.

हॉटेलवाल्याला आणायला शेठ टेम्पो घेऊन स्टेशनवर गेला होता. तासाभरात दोघे येणार होते.

सोमा गुडघ्यांवर बसला. त्याने खड्ड्यात हात घालून पट्ट्या चाचपल्या. दोन पट्ट्यांमधली जागा वाळूने गच्च भरली होती. एकीने वाळू सोडायच्या आत दुसरी तीच उचलत होती. बारक्या इंजिनाच्या डोक्यावर थोरल्याचं ओझं दिलं होतं त्याने. चूक गिअरची नव्हती. चूक त्याच्या इमानदारीची होती, आणि हे कळल्यावर त्याला आपलीच लाज वाटली.

"सुरी दे," तो म्हणाला.

"मी कापतो काका. तुमी बसा जरा."

"नको. लावल्या मी, काढणार पण मीच."

हिंदुराव डब्यातून नदीचं पाणी घेऊन आला. रबर कापताना सुरी ओली लागते. सोमाने एकाआड एक पट्टी मुळापासून उतरवली, मागच्या दोन्ही चाकांच्या मिळून सोळा. कापलेली प्रत्येक पट्टी तो बाजूला नीट ठेवत होता. तेवढ्यात हिंदुरावाने न विचारता चव्वेचाळीसचं काढून मधलं, एक्केचाळीस दात्यांचं स्प्रॉकेट चढवलं. ते त्याने घरूनच पिशवीत घालून आणलं होतं. सोमाने पाहिलं. मग पुढच्या पट्टीला सुरी लावली.

शेठ आणि हॉटेलवाला आले, तेव्हा हिंदुराव गाडीवर बसला. या वेळी चाकं रुतली नाहीत. मागे वाळूचा पिसारा उडाला आणि गाडी पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन, भली मोठी गिरकी घेऊन परत आली. हॉटेलवाला खूश होऊन स्वतःच गाडीवर बसला.

शेठने सोमाच्या पाठीवर थाप मारली. "क्या बात है मिस्त्री! मैं बोला था ना, पुराना हाथ है."

सोमा गप्प राहिला असता तरी चाललं असतं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. हिंदुराव खाली बसून, मान न उचलता हत्यारं पुसून पिशवीत भरत होता. तो काही सांगणार नव्हता, काकांचा मान ठेवणाऱ्यांतला होता तो. सोमाच्या डोळ्यांसमोर शालनचे पिठाने पांढरे झालेले हात आले. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला कोणी सांगितलं होतं? पण 'मिस्त्री' ही हाक आता चोरलेल्या रबरासारखी वाटत होती, आणि ती घेऊन त्याला घरी जाववेना.

"शेठ, दिमाग इसका है," तो म्हणाला. "आठ पट्टी इसने बोला था. गिअर भी इसका. मैंने सोलह लगाके गाडी बिठा दी थी."

"काका, काय बोलताय..." हिंदुराव उठून उभा राहिला.

शेठने गाडीवरची नजर काढून सोमाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सोच ले, सोमा." या वेळी तो मिस्त्री म्हणाला नाही.

"सोचा."

संध्याकाळी गाडी टेम्पोत चढवली. हॉटेलवाला मघाशीच स्टेशनकडे गेला होता. टेम्पोत पुढे शेठच्या शेजारी मिस्त्रीने बसायचं, बाकीच्यांनी मागे मालाजवळ, असा वर्कशॉपचा रिवाज. शेठने पुढचं दार उघडलं आणि कोणाकडेच न बघता ते तसंच धरून ठेवलं. हिंदुराव दोनदा सोमाकडे बघून जागीच उभा राहिला.

"बस रे," सोमा म्हणाला. "उशीर होतोय."

तो मागे गेला. फळीला धरून, पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांवर जोर देत वर चढला आणि गाडी हलू नये म्हणून तिच्या चाकाला पाठ लावून बसला.