जांभळे डाग

हे मी लिहिणारच नव्हतो. फिजिओनेच मला सगळं सांगितलं आणि म्हणाला, लिही, पण मला हिरो करू नकोस. तर तो हिरो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्याची खोली लहानशी. एक पलंग, भिंतीवर स्नायूंचं चित्र, कोपऱ्यात कपांचा डबा. पलंगावर ढांग्या पालथा पडलेला. दोघं शाळेपासूनचे दोस्त. ढांग्या पळायचा, फिजिओ घड्याळ धरायचा. रविवारी ढांग्याची निवड चाचणी होती आणि पाय महिनाभर ठणकत होता. दर वेळी फिजिओ पोटरीला कातडी ओढून धरणारे कप लावायचा, त्यांचे जांभळे डाग उठायचे, मग स्टीलच्या पट्टीने पोटरी घासून मोकळी करायचा, की ढांग्या टुणकन उठून थेट मैदानावर.

"आज जोर लाव," ढांग्या उशीतूनच म्हणाला. "मागच्या वेळी डाग फिके पडले."

"डाग म्हणजे औषध नव्हे रे."

"पाय जांभळा दिसला की बरं वाटतं. काहीतरी झालंय असं."

फिजिओने हसत तेल लावलं. पोटरी झाली. मग त्याला उताणा करून नडगीच्या कडेने पट्टी खाली आणली. एका जागी ढांग्याचा श्वास अडकला. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच. फिजिओने पट्टी बाजूला ठेवली आणि बोटाने दाबून पाहिलं. बोटाच्या टोकाएवढी जागा, आणि थेट हाडावर.

"झोपेतही ठणकतं?"

"हल्ली, हो."

"कधी सांगणार होतास?"

"तू विचारलंस कधी? तू कप लावत होतास."

फिजिओने खरंच विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी स्नायू आखडलाय असं ठरवलं, आणि मग याला बरं वाटतंय एवढ्यावरच खूश. दुखणं तासभर दबायचं आणि तेवढ्यात हा पळून यायचा. कसल्या हाडावर पळायचा, देव जाणे.

त्याने कपांचा डबा बंद केला.

"हाडाला बारीक तडा असू शकतो. आधी स्कॅन. रविवारी पळायचं नाही."

"गंमत करू नकोस. आईला सांगून बसलोय, या वेळी नक्की म्हणून."

"आईशी मी बोलतो."

"काय बोलशील?"

"माझं चुकलं म्हणून."

ढांग्या उठून बसला. "दुसरा कोणीतरी लावेल कप."

"लावेल की. तू पळशीलही. आणि मधेच हाड मोडलं तर?"

ढांग्याने मोजा उलटा घातला, काढला, सरळ केला, मग नुसता हातात धरून बसला. डोळे भरलेले. फिजिओने तिकडे बघायचं टाळलं.

"बरा झालो," ढांग्या शेवटी म्हणाला, "की पहिली फेरी तू माझ्याबरोबर मारायचीस. हे सुटलेलं पोट घेऊन."

"मारेन."

"अर्ध्यात बसायचं नाही."

"नाही बसणार. आणि तोवर रोज विचारेन, कुठे दुखतंय. तू शिव्या घातल्यास तरी विचारेन."