बर्फवाल्यांच्या घरची सौना

मित्रांनो, माणसे ज्या खोलीत घाम यावा म्हणून आपखुशीने जातात आणि घाम आला की लहान मुलांसारखी हसतात, अशी खोली तुम्ही कधी पाहिली आहे काय? ती खोली म्हणजे मी. मला सौना म्हणतात. माझ्या भिंती लाकडाच्या, बाक लाकडाचे आणि कोपऱ्यात दगडांनी भरलेली विजेची शेगडी. आता माझ्या फळ्यांचा मधासारखा पिवळा रंग जाऊन त्या कोऱ्या चहासारख्या तांबूस झाल्या आहेत. परंतु मनुष्यप्राण्याविषयी पहिल्या दिवशी मला जे आश्चर्य वाटले, ते आजही तसूभर उणे झालेले नाही.

माझा जन्म एका लाकडाच्या कारखान्यात झाला. तेथून मी एका दुकानात येऊन उभी राहिले. माझ्या शेजारी दोन माणसांची एक छोटी, नीटनेटकी सौना होती. गिऱ्हाइके तिच्याकडे कौतुकाने पाहत आणि माझ्यात डोकावून म्हणत, "एवढी कुणाला हवी?" हे ऐकून ऐकून मला माझ्या आकाराची लाज वाटू लागली होती.

एके दिवशी दुकानात एक अख्खे कुटुंब आले. तिघे भाऊ, तिघी जावा आणि एक बहीण. त्यांचा बर्फाचा कारखाना होता. थोरल्या भावाला सारे दादा म्हणत. एके काळी दादा बर्फाच्या लादीवर बोटाने टिचकी मारून आत तडा आहे की नाही हे सांगत असत. परंतु उभे आयुष्य गारठ्यात गेल्याने त्यांची बोटे बधिर झाली होती. हातातला चमचा केव्हा सुटला हे त्यांना तो जमिनीवर वाजल्यावर कळे. दोनदा चांगले कप फुटले आणि तेव्हापासून दादा आपले ताट घेऊन खोलीत एकटे जेवू लागले. घरच्या लांब टेबलाशी त्यांची खुर्ची रिकामी राहू लागली. कोणी बोलावले तर ते म्हणत, "मला भूक नाही, तुम्ही सुरू करा." डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितले होते, की गेलेली बोटे परत येणार नाहीत.

मला घेण्याची कल्पना बहिणीची, म्हणजे ताईंची. हातात काही धरावेच लागत नाही अशी एक तरी बैठक घरात असावी, म्हणजे दादा पुन्हा सर्वांत बसतील, असा त्यांचा साधा हिशोब होता. डॉक्टरांना विचारून त्यांनी होकारही आणला होता. अट एकच, की दादांनी शेगडीला हात लावायचा नाही, कारण चटका बसलेला त्यांना कळणार नाही.

विक्रेता म्हणाला, "ही दोघांची घ्या. लवकर तापते, जागा कमी लागते."

"आणि पाळ्या लावायला पंच कुठून आणू?" धाकट्या वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे अंघोळीवरूनच रोज रणकंदन असतं."

मग सारे माझ्या बाकावर ओळीने बसले. दादा मात्र दाराशी उभे राहिले.

"साहेब, या ना, इथे जागा आहे की," विक्रेत्याने बोलावले.

"मी इथे बरा आहे."

ताई बाकावरच्या त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून विक्रेत्याला म्हणाल्या, "ही जागा धरूनच माप घ्या."

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. मी एवढी मोठी का घडवली गेले, ते मला त्या दिवशी उमगले.

माझे सुटे भाग त्यांच्या घरच्या मागच्या खोलीत आले. सुताराने मला पुन्हा उभे केले. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत अशी बसत गेली, की जणू त्या एकमेकींना ओळखतच होत्या. पाणी वाहून जावे म्हणून जमिनीला उतार दिला. वायरमनने शेगडीसाठी स्वतंत्र वायर ओढली. मोठ्या खोलीला मोठीच शेगडी लागते, नाहीतर ऊब येते पण घाम येत नाही, असे तो सर्वांना समजावून सांगत होता.

मधले भाऊ मोठे हौशी. ते सुताराला म्हणाले, "दाराला कडी कुठाय? आमच्या बर्फाच्या खोलीला बघा, मुंगी आत जाणार नाही."

"इथे कडी लावायची नाही," सुतार म्हणाला. "आतून नुसता धक्का दिला की दार बाहेर उघडलं पाहिजे. आणि हे दोन झरोके बघून ठेवा. एक शेगडीच्या खाली, एक समोरच्या भिंतीत बाकाखाली. या तिच्या नाकपुड्या आहेत."

मधल्यांनी मान डोलावली. परंतु सुतार गेल्यावर त्या झरोक्यातून आलेली वाऱ्याची झुळूक त्यांच्या पायाला लागली. बर्फवाल्याच्या दृष्टीने फट म्हणजे महापाप. फटीतून ऊब शिरते आणि लाद्यांचे पाणी होते. त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी कारखान्यातून रबराच्या पट्ट्या आणल्या आणि माझे दोन्ही झरोके मोठ्या मायेने बुजवून टाकले. मी ओरडून सांगणार तरी कशी?

पहिल्या दिवशी सगळे पंचे गुंडाळून आत आले. दादाही आले! ताईंनी राखलेल्या जागेवर ते बसले. शेगडीतले दगड तापले. परंतु माझ्यात हवा कोंडली होती. डोकी जड झाली, श्वास अडू लागला. गंमत अशी, की प्रत्येकाला वाटले, त्रास मला एकट्यालाच होत आहे. बाकीच्यांचा आनंद कशाला घालवा, म्हणून कोणीच बोलेना. अखेर दादा उठले.

"मला कोंडल्यासारखं होतंय. तुम्ही बसा."

आणि दार ढकलून ते निघून गेले. ताई त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिल्या. "माणसांत बसायचंच नाही म्हटल्यावर आपण तरी काय करणार?" मधले म्हणाले.  एकामागून एक सारे बाहेर गेले.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. माझ्या बाकांवर जुनी पायपुसणी आणि रिकामी खोकी येऊन बसली. बर्फ उचलण्याचे गंजके चिमटे माझ्या शेगडीला टेकून उभे राहिले. मधले एकदा म्हणाले, "हिच्या फळ्या सोडवून कपाट करू." ते ऐकून माझ्या फळ्यांचे सांधे करकरले.

एका दुपारी दादा आपला जुना चिमटा न्यायला आत आले. चिमटा उचलताना हातातून निसटला आणि बाकाखाली गेला. तो काढायला ते गुडघ्यांवर वाकले, आणि समोर झरोका असून वारा कसा नाही म्हणून वाकलेलेच थांबले. बर्फाच्या कारखान्यात फट शोधण्याची एक रीत असते. गाल ओला करायचा आणि भिंतीजवळ न्यायचा, वारा असेल तर गालाला गार लागते. दादांची बोटे गेली होती, गाल शाबूत होता. त्यांनी जवळच्या बाटलीतले पाणी गालाला लावले आणि तो माझ्या झरोक्याशी आणला. तेथे काहीच लागेना. मग शेगडीखालच्या झरोक्याशी नेला. तेथेही काही नाही. त्यांनी डोळे बारीक करून आत पाहिले आणि त्यांना काळे रबर दिसले.

"अरे मधल्या!" त्यांनी अशी हाक मारली, की सारे घर धावत आले. "हिला बर्फाची खोली करून ठेवलीस होय रे? अरे, आम्हाला काय लाद्या समजून साठवणार होतास?"

"वारा येत होता, दादा..."

"येणारच! माणसं बसायची आहेत आत!"

"तरीच त्या दिवशी माझं डोकं गरगरत होतं," धाकट्या वहिनी म्हणाल्या.

"माझंही," ताई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?" दादांनी विचारले.  मग ताई हळूच म्हणाल्या, "तू तरी तुझ्या बोटांबद्दल कुठे बोलतोस, दादा?"

 दादा स्वतः खाली बसून रबर ओढू लागले. पट्टी बोटांतून पुनःपुन्हा निसटत होती. मधले भाऊ शेजारी बसले आणि दोघांनी मिळून ती ओढून काढली. त्या क्षणी माझ्या अंगातून वारा असा वाहिला, की मी प्रथमच जन्मले असे मला वाटले.

त्याच संध्याकाळी खोकी निघाली, बाक पुसले गेले आणि सारे पुन्हा आत बसले. दगड तापले. लाकडाचा सुगंध सुटला. एकेकाच्या कपाळावर घामाचे थेंब उमटले आणि कारखान्याचा गारठा त्यांच्या खांद्यांवरून उतरताना मी प्रत्यक्ष पाहिला. दगडांवर लाकडी डावाने पाणी घालायचे होते. ताईंनी डाव दादांपुढे धरला. 

दादांनी दांडा धरला. डाव निसटून जमिनीवर पडला. पाणी सगळीकडे उडाले.

धाकट्या वहिनी पाय वर घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, दगडांना तहान लागली होती, माझ्या पायांना नव्हे!"

आणि मित्रांनो, दादा हसले! असे हसले, की माझ्या फळ्या घुमल्या. मधल्यांनी डाव उचलून पुन्हा भरला, दादांच्या हातात दिला आणि त्यांच्या हाताशेजारी स्वतःही दांडा धरला. दोघांनी मिळून पाणी घातले. दगड फुत्कारले आणि डोळ्यांना न दिसणारी ऊब सर्वांच्या अंगावरून फिरली. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. एवढे अद्भुत मी पुन्हा पाहिले नाही.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरून चमचा पडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. मी कान टवकारले. पाठोपाठ खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. गप्पा चालूच राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिचे झरोके मोकळे ठेवा, बाक पुसून कोरडे करा, तिला अडगळीची खोली करू नका. आणि आत कोणाचा श्वास कोंडत असेल, तर त्याने उठून जाण्याआधी त्याला विचारा. माझा तो डाव अजून येथेच टांगलेला आहे. इतर घरांतले डाव दांड्यावर एके ठिकाणी झिजतात. माझा दोन ठिकाणी झिजला आहे.