मागं कोण हाय का?

हंसाने नवऱ्याशी बोलणं टाकलं त्याला सतरा दिवस झाले होते. कारण बंदूक. फुगे फोडायची, छर्‍याची. केळव्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांपुढे, दर रविवारी तिचा ठेला लागायचा. प्लायवूडची फळी, फळीवर रांगेने फुगे आणि ती बंदूक. मासळी सुकवणं-विकणं हे सासरचं काम; ठेला मात्र तिने स्वतःच्या जिवावर उभा केलेला. आणि तिच्या नवऱ्याने, दिनानाथने, तीच बंदूक तिला न विचारता पुतण्याच्या हातात दिली. धर्मेशने मागितली, काकाने दिली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला याच्या बापाचं काय जातं?

धर्मेशने मित्रांपुढे मिरवायला ती छर्रा न घालताच दिवसभर ठोकली. असल्या बंदुकीत छर्रा नसला की स्प्रिंगचा सगळा दणका आतल्या आत बसतो. तिसऱ्या दिवशी बंदूक परत आली ती खुळखुळत.

"आपल्याच घरचा पोर हाय. तुटली तर तुटली," दिनानाथ म्हणाला.

हंसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती भांडली नाही. दिनानाथला तेव्हाच घाबरायला हवं होतं. दातिवऱ्याची ही लेक भांडली की संध्याकाळपर्यंत निवळायची. गप्प बसली की मात्र काही खरं नसायचं. त्या दिवसापासून तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. भात झालाय हे ती पातेल्याला सांगे, नि डिझेल आणायला हवं हे दाराच्या कडीला. दिनानाथ आपला पातेल्याच्या नि कडीच्या वतीने हूं म्हणे.

नवी बंदूक तिला परवडणारी नव्हती. बोईसरला बन्सी म्हणून एक फिटर जुनी विकतोय असं कळलं, तशी ती एकटीच गेली. बन्सी वीस वर्षं तारापूरच्या कारखान्यांत राबून आता गावाकडे परत निघालेला. खोलीत बांधलेली बोचकी, आणि भिंतीला टेकवून ती बंदूक. हंसा पैसे काढायला लागली, तर तो चिडलाच.

"पैसा बाद में! पहले देखो तो सही. ऐसे ही कोई बंदूक लेता है क्या?"

त्याने तिला एकेक गोष्ट करायला लावली. नळी खाली मोडून स्प्रिंग चढवायची, पण छर्रा भरून नळी परत बसेपर्यंत दुसऱ्या हाताने ती घट्ट धरूनच ठेवायची. मधेच सुटली तर बोट तुटतं. चढवल्यावर तशीच ठेवून द्यायची नाही, स्प्रिंग मरते. चढवलेली बंदूक कोणाच्या हातात द्यायची नाही. मग त्याने मागच्या भिंतीशी वाळूचं पोतं लावलं, पुढे कपड्याच्या साबणाची वडी ठेवली आणि तिला पाच छर्रे मारायला सांगितले. पाचही भोकांची खोली काडी घालून मोजली. खोली सारखीच. म्हणजे स्प्रिंग एकसारखी चालतेय. घेणाऱ्याने बघायचं ते हे, चकाकी नव्हे. जुनी पावतीही त्याने शोधून दिली.

"और ये छेद देखो." नळीच्या मागचं बारीक भोक त्याने दाखवलं. "इसमें तेल नहीं. एक बूंद भी नहीं. हवा दबती है तो गरम होती है, तेल जल उठता है. डीझल इंजन जैसा. फिर छर्रा दुगना तेज जाएगा. घर में सबको बोल देना."

"आमच्या घरात इंजिनवालाच हाय," हंसा म्हणाली. होडीचं इंजिन दिनानाथच्या हातचं. त्याला हे एका शब्दात कळलं असतं.

पण तो एक शब्द सांगणार कोण? इतके दिवस पाळलेलं व्रत असं तेलाच्या थेंबासाठी मोडायचं? बंदूक तिने माळ्यावर ठेवली आणि पातेल्याला बजावलं, "माज्या वस्तूला कोनी हात लावायचा नाय." का लावायचा नाही, ते काही पातेल्याला सांगितलं नाही.

शनिवारी ती फुगे आणायला पालघरला गेली आणि इकडे दिनानाथला पश्चात्ताप सुचला. बायकोची बंदूक आपल्यामुळे गेली, निदान या बंदुकीची सेवा करावी, असं त्या भल्या माणसाच्या मनात आलं. किनाऱ्यावरच्या माणसाला लोखंडाची सेवा एकच ठाऊक. खारा वारा सुईलासुद्धा सोडत नाही. कडी, कोयंडा, विळी, इंजिन, सगळ्याला तेल. त्याने माळ्यावरून बंदूक काढली, फडक्याने घासून पुसली, आणि जिथे जिथे भोक दिसलं तिथे तिथे तेल सोडलं. हो, त्या भोकातही. दुपारभर खपून त्याने ती होती तिथे ठेवून दिली आणि हंसाला कळेल म्हणून मनातल्या मनात खूश झाला.

रविवारी सकाळी हंसाला कळलंही. बंदूक चकचकीत दिसत होती, तेलाचा वास येत होता. तिथेच विचारायला हवं होतं. पण विचारणं म्हणजे बोलणं, आणि आधी बोलणं म्हणजे हरणं. वरून पुसलीय, एवढंच असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि ती ठेल्यावर आली.

किनाऱ्यावर अजून गिऱ्हाईक नव्हतं. तिने फुगे लावले. दर रविवारी पहिला छर्रा तीच मारायची, आणि त्याआधी फळीकडे तोंड करून मोठ्याने ओरडायची, "मागं कोण हाय का?" सात वर्षांत एकही छर्रा त्या फळीपलीकडे गेला नव्हता, तरी ती ओरडायचीच. लोक हसायचे. हसू देत.

त्या दिवशी सुरूंच्या बाजूने दोरी घेऊन येणारा दिनानाथ तिने पाहिला होता. तिने ताडकन पाठ फिरवली. बंदूक चढवून पुन्हा वळली तेव्हा तो दिसत नव्हता. होडीकडे गेला असणार. हाक तिच्या ओठांवर आली. पण अख्ख्या किनाऱ्यावर त्या वेळी दुसरं माणूस नव्हतं. ओरडलं तर ते त्यालाच ओरडल्यासारखं होणार, आणि तो कुठूनतरी "मी हाय" म्हणणार, की मोडला अबोला.

तिने हाक गिळली आणि चाप ओढला.

नेहमीचा टप्प असा आवाज आलाच नाही. धडाका झाला. नळीतून धूर निघाला, जळक्या तेलाचा वास नाकात गेला. फुगा फुटला, फळीला आरपार भोक पडलं, आणि फळीच्या मागून दिनानाथ ओरडला. वाऱ्याने हलणारी फळी झाडाला बांधायला तो मागे वाकला होता. बायको बोलत नाही, तर न बोलता मदत करायला आला होता.

पालघरच्या डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं, डावा डोळा गेला.

बंदुकीची जखम म्हणून हवालदार जबाब घ्यायला आला. पट्टी बांधलेला दिनानाथ खाटेवर उठून बसला आणि शांतपणे म्हणाला, "मीच साफ करीत होतो, साहेब. हातातनं सुटली. ती तिथं नव्हतीच."

हवालदार लिहायला लागला, आणि हंसाचा बांध फुटला.

"खोटं! सगलं खोटं!" ती अशी ओरडली की वॉर्डातल्या माना वळल्या. "बंदूक मी मारली! तुमचं काय जातं वो? माजी बंदूक देऊन टाकलीत, आता माजा गुन्हा पन घेऊन टाकता? मला इचारलंत? एकदा तरी इचारलंत? लिवा साहेब, मी मारली. तेल घालायचं नाय हे मला ठाऊक होतं. हाक मारायची हे पन ठाऊक होतं. नाय मारली. लिवा!"

हवालदाराने पहिला कागद फाडला आणि दुसरा घेतला.

तो गेल्यावरही ती थांबली नाही. बन्सीने सांगितलेलं सगळं तिने नवऱ्याला ऐकवलं, दातओठ खात, रडत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नळी कशी धरायची, साबणाची वडी, ते बारीक भोक, दबलेली हवा, पेटणारं तेल. सतरा दिवसांचं बोलणं तिने एका दमात ओकून टाकलं. दिनानाथ एका डोळ्याने तिच्याकडे बघत लक्ष देऊन ऐकत होता.

"मंजी डिझेल इंजिनासारखंच की," तो म्हणाला. "मला कललं असतं, हंसा."

आवाजात राग नव्हता. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिला उलट बोलता आलं असतं.