दोष फडक्याचा

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी पालकसभेला चार टाळकी फिरकत नाहीत. पण आज महाराज येणार होते! कुठल्या मुलात दोष आहे, ते पाण्यात दाखवणार होते. खरं तर दोषी आधीच ठरली होती. माझी भाची.

तिच्या गालावर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग आहेत. वर्गात तिच्याशी एकच मुलगी बोलायची, सगळे तिला बडबडी म्हणत. बाकीच्यांना घरून ताकीद होती. दोष सिद्ध झाला, तर मुलीला शाळेतून काढा, असा पालकांनी मुख्याध्यापकांच्या मागे धोशा लावला होता. ताई माझ्या शेजारी ओठ घट्ट मिटून बसली होती.

महाराजांनी आधी एका गुटगुटीत मुलाला बोलावलं. चेल्याने त्याचे हात फडक्याने पुसले. मग सुरईतलं पाणी काचेच्या भांड्यात ओतलं. मुलाने त्यात हात बुडवले. पाणी नितळच.

"निर्मळ!" महाराज गरजले. टाळ्या.

मग भाची गेली. तिचेही हात पुसले.

"घाबरू नकोस, बाळ. ब्रह्मांडाच्या लहरी तुझ्या बोटांतून बोलतील!"

बोटं बुडाली आणि पाणी गुलाबी झालं. सभागृहात एकच ओरडा झाला. पुढच्या रांगेतल्या एका आईने आपलं पोर ओढून मांडीवर घेतलं.

"उपाय आहे," महाराज मऊ आवाजात म्हणाले. "आधी मुलीला वेगळं बसवा. मग मला एकांतात भेटा."

भाचीचे डोळे भरून आले. तेवढ्यात बडबडी मंचावर चढली आणि तिचा ओला हात घट्ट धरून म्हणाली, "माझेपण बघा! पण हिच्याच फडक्याने पुसा हं. त्याला कोरडं आणि हिला ओलं, असं का?"

"हे गूढ ज्ञान आहे, बाळ. तुला झेपायचं नाही."

"फडकं तर झेपेल ना?"

हशा पिकला. विज्ञानाच्या बाई उठल्या. चेल्याच्या सुरईतलं पाणी त्यांनी दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि ओलं फडकं त्यात पिळलं. पाणी गुलाबी!

"बघा, फडक्यालाही दोष लागला," बाई म्हणाल्या. "महाराज, आता तुमचे हात पुसू?"

महाराजांनी दोन्ही हात झग्यात लपवले.

"फडक्यात धुण्याचा सोडा आहे," बाईंनी सांगितलं. "आणि या पाण्यात एक रसायन आहे. सोडा लागला की ते रंग बदलतं. आपल्या प्रयोगशाळेतही त्याची बाटली आहे."

"पण बाई, कोड शिवल्याने लागतं ना?" मांडीवर पोर घेतलेली आई पुटपुटली.

"मुळीच नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी तेवढ्या जागी नाहीशा होतात, बस. ना पाप, ना शाप."

महाराज मागच्या दाराने सटकले. त्या आईच्या मांडीवरून पोर उतरलं, सरळ भाचीपाशी गेलं आणि गालावरच्या डागाकडे बघत म्हणालं, "दुखतं का गं?"

"नाही," भाची म्हणाली. "हात लावून बघ."

त्याने बोट लावलं. त्याच्यामागे आणखी दोघी आल्या. ताईने तेव्हा कुठे श्वास सोडला.

लोकहो, एखाद्या लेकराला वेगळं बसवा असं कुणी सांगितलं, तर आधी पुरावा मागा. आणि स्वतः करून बघा.