हरणाबाईच्या काळजातलं भोक

मी हरणाबाईच्या काळजातलं भोक बोलतोय.

बोलतोय म्हणणंही धाडसाचंच. भोक म्हणजे जिथं काही नाही अशी जागा. आणि जे मुळात नाहीच, त्यानं आपली कहाणी सांगावी का, ही शंका मला पहिल्यापासून छळते. पण आत्ता मी ऑपरेशनच्या टेबलावर आहे आणि रोबोटचे दोन बारीक हात सुई घेऊन माझ्या काठाशी येऊन थांबलेत. शंकेचं निरसन करायला वेळ नाही.

माझा जन्म नळदुर्गजवळच्या एका मेंढरं राखणाऱ्या घरात झाला, खरं तर हरणाबाईच्याही थोडा आधी. आईच्या पोटात तिचं काळीज घडताना वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा जरासा विणायचा राहिला. जे राहिलं ते मी. फुफ्फुसातून ताजं होऊन आलेलं रक्त अंगभर जायचं सोडून माझ्यातून पलीकडं घुसायचं आणि पुन्हा फुफ्फुसाच्या वाटेला लागायचं. भूमला निघालेली एसटी प्रवाशांसकट परत डेपोत शिरावी, तसं. डिझेल जळतंय, कंडक्टर ओरडतोय, भूम काही येत नाही.

लग्न होऊन हरणाबाई बिराप्पाच्या घरी आली आणि मेंढरांमागं फिरू लागली. चढ आला की तिला धाप लागायची आणि ती दगडावर टेकायची. बिराप्पा तर उभ्यानं जेवणारा माणूस. बसलेली बायको दिसली की त्याचा आवाज माळापलीकडं जायचा.

"बसल्या बघा राणीसरकार! पालखी धाडू का?"

सासूचं आणि जावांचं मत वेगळं नव्हतं. कामचुकार हे तिचं दुसरं नावच पडलं. तिनं लेकरं वाढवली, कळप सांभाळला, भाकऱ्या थापल्या. फक्त मधूनमधून बसली. मी आतून फुरफुरून तिच्या बाजूनं साक्ष द्यायचो. पण ती फुरफुर छातीला नळी लावणाऱ्यालाच ऐकू येते, आणि साठीपर्यंत तिला नळी कुणी लावलीच नाही.

साठीनंतर पाय सुजले, छातीत फडफड सुरू झाली. धाकटी सून प्रतीक्षा तिला सोलापूरला घेऊन गेली. बिराप्पाही पिशवी धरून मागं. डॉक्टरांनी मला मशीनच्या पडद्यावर पाहिलं. मी लाजून लहान व्हायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"आजी, काळजाला जन्मापासून भोक आहे."

दुसरी रडली असती. हरणाबाई नवऱ्याकडं वळली. "ऐकलं का?"

"मला कमी ऐकू येतंय," बिराप्पा म्हणाला.

गावी परतल्यावर ती मला मिरवू लागली. गिरणीत, बाजारात, जिथं माणूस भेटेल तिथं. "म्या कामचुकार न्हाय. माझ्या काळजाला रुपायाएवढं भोक हाय!" लग्नाच्या एका पंगतीत तर मी वाटीएवढा झालो होतो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

मग हैदराबादला ऑपरेशन करायचं ठरलं. माझा काठ अपुरा, त्यामुळं मांडीच्या शिरेतून नळी सरकवून छत्रीसारखी चकती बसवून मला बंद करणं जमणार नव्हतं. छाती न फाडता, बरगड्यांमधून रोबोटचे हात घालून टाके घालायचे. मला असंच ठेवलं तर काळीज थकत थकत एक दिवस थांबेल, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. सगळ्या तपासण्या झाल्या आणि संमतीच्या कागदावर ऐन अंगठ्याच्या वेळी हरणाबाईनं हात मागं घेतला.

"बुजवल्यावर पुरावा काय ऱ्हाईल? आधी ह्यांनी चार माणसांत म्हनावं, ही ढोंग करत नव्हती. मग बुजवा."

"आत्या, जीव जाईल की तुमचा!" प्रतीक्षा कळवळली.

"जाईना. पुराव्यासकट जाईल."

बिराप्पानं घाईनं डॉक्टरीणबाईंकडं तोंड फिरवलं. "बाई, समदं यंतर करणार, मग तुमी कुठं?"

"त्याच खोलीत, बाबा. खुर्चीवर बसून त्याचे हात मीच चालवते."

"बसून?"

"काही तास. उभ्यानं हात अवघडतात."

हरणाबाई खाटेवर ताठ झाली. "म्हना की आता! डाक्टरीणबाईला बी म्हना कामचुकार. का ते माझ्यापुरतंच हाय?"

आख्खा वॉर्ड हसला. बिराप्पा बराच वेळ पटका सोडून पुन्हा बांधत राहिला. मग तो बायकोच्या छातीपाशी वाकला आणि थेट माझ्याशीच बोलला.

"ए भोका, इतकी वर्सं तूच तिला मागं वढत हुतास व्हय रं? आन म्या येडा तिलाच बोलत ऱ्हायलो. लई बोललो. तिचं काय बी चुकलं नव्हतं."

म्हणजे बायकोला तो अवाक्षर बोलला नाही. पण चार माणसांत बोलला. मला हाक मारणारा तो पहिलाच माणूस. हरणाबाई आणि मी आतून इतके धडधडलो की नर्स धावत आली.

हरणाबाईनं डोळे पुसले आणि अंगठा पुढं केला.

आता काळीज थांबवलंय. बाहेरचं मशीन रक्त फिरवतंय. काळजाच्याच आवरणाचा एक तुकडा माझ्यावर ठिगळ म्हणून बेतलाय आणि एकामागून एक टाके पडताहेत. ठिगळ धरेल का? काळीज पुन्हा सुरू होईल का? मला ठाऊक नाही. मी काळजीतच मोठा झालो, आणि मोठं होणं हाच तर माझ्यातला दोष.

आता शेवटचाच टाका उरलाय. जाता जाता बिराप्पाला आणि तुम्हालाही एक सांगणं आहे. यापुढं हरणाबाई चढावर बसलेली दिसली, तर माझं नाव घेऊ नका. मी नसेन. ती दमलेली नसेल, आजारीही नसेल. तिला बसावंसं वाटलं असेल, एवढंच.

बसू द्या.