शून्य धरायचा दिवस

वेणूने पाचव्यांदा बोटांची पेरं मोजली आणि पाचव्यांदाही पंधरा तारीखच आली. पिंजऱ्याच्या कार्डावर मात्र अकराव्या दिवसापुढे चौदा लिहिलं होतं. चारचा गोळा नको इतका मोठा काढायची खोड तिचीच, तेव्हा दुसऱ्या कुणावर ढकलायचीही सोय नव्हती.

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कंटेनरच्या गोदामांच्या अलीकडे ती संशोधन संस्था होती. तिथल्या प्राणिघरात जासईची वेणू नऊ वर्षं कंत्राटावर कामाला होती. उंदरांना दाणापाणी करायचं, पिंजऱ्यातला भुसा बदलायचा. पण खरं काम निराळंच. संध्याकाळी नर-मादी एकत्र सोडायचे आणि सकाळी सातच्या आत एकेक मादी उचलून ती नराला लागली की नाही ते बघायचं. लागली असेल तर खूण दिसते. उशीर केला की खूण गळून पडते. खूण दिसली तो दिवस शून्य, आणि तिथून पुढे पोटातल्या पिल्लांचे दिवस मोजायचे. नवे पीएचडीवालेसुद्धा कॉम्प्युटर सोडून तिला विचारायला यायचे. वेणूने सांगितला तो दिवस, पुढे बोलणं नाही, असा तिचा मान होता.

आज पाच वाजता तिथल्या शास्त्रज्ञ पद्मजा मॅडमचा शोधनिबंध परदेशात जायचा होता. नोंदींना जोडायची म्हणून त्यांनी जुनी कार्डं मागितली, आणि ती लावता लावता वेणू पेरं मोजायला लागली. एक नाही, चार कार्डं. चारही एकेका दिवसाने चुकलेली.

मॅडमनी तिला एकदा सगळं समजावून सांगितलं होतं. पोटातल्या पिल्लाचा मेंदू तयार होत असतो तेव्हा शेकडो जनुकं आपापल्या दिवशी जागी होतात. त्यांतलं एक, आजवर कुणाच्याच नजरेत न आलेलं, मॅडमना सापडलं होतं. पिल्लाचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर लावायचे, रंग द्यायचा. जनुक जागं असेल तिथे जांभळं उमटतं. साध्या उंदरांत ते अकराव्या दिवशी उमटत होतं. बंगलोरहून आणलेल्या जातीत दुसरं एक जनुक जन्मतःच बंद असतं. तिच्यात ते बाराव्या दिवशी उमटलं. म्हणजे ते दुसरं जनुकच ह्याला उठवतं. ते नसलं की ह्याची झोप लांबते. पाच वर्षांची मेहनत त्या एका दिवसाच्या उशिरावर उभी होती.

आणि तो एक दिवस वेणूने घातला होता.

कसा, तेही तिला आता लख्ख दिसलं. गेल्या मार्गशीर्षात सासरे गेले, तुळशीराम. उभा जन्म मिठागरात काढलेला माणूस, पण सुनेला दहावीला बसायचंय म्हटल्यावर परीक्षेला सायकलवरून सोडायला स्वतः आला होता. गावभर हसले तरी म्हातारा हटला नाही. कंत्राटी माणसाला रजा चार दिवसांची आणि सुतक दहा दिवसांचं. पाचव्या दिवशी वेणू कामावर हजर. घरात तेव्हा उठता बसता एकच हिशेब चालायचा. आज पाचवा, रविवारी दहावा, बुधवारी तेरावा. माणूस गेला तो दिवस पहिला धरायचा. तोच हिशेब डोक्यात घेऊन ती पिंजऱ्यांपुढे बसली. त्याच आठवड्यात बंगलोरच्या चार माद्या लागल्या, आणि चौघींचाही खूण दिसलेला दिवस वेणूने पहिला धरला. मेलेल्याचे दिवस मोजायची रीत तिने न जन्मलेल्यांना लावली. अकरावा म्हणून मॅडमनी कापली ती पिल्लं दहाव्या दिवसाची होती, बारावा म्हणून कापली ती अकराव्या.

दुपारी तिने नवऱ्याला फोन लावून चूक सांगितली. काशिराम कंटेनर यार्डात चेकर होता.

"कोनी बगितला काय?" त्याने पहिला प्रश्न हाच केला.

"नाय. कोन बगनार? माज्याशिवाय कोनला कलतंय?"

"मंग गप बस. आठ दिसांनी तुजा करार संपतंय. उंदराचा एक दिस इकरं झाला नायतर तिकरं, जगाचा काय अरलाय?"

"मॅडमचा अरलाय ना."

"मॅडम काय उपाशी मरनार हाय?" तो वैतागला. "आपली जमीन सरकारात गेली तवा कोन आला सांगायला का आमची मोजनी चुकली?"

तिने फोन ठेवला आणि डबा न उघडता तशीच बसून राहिली. गप्प बसणं सोपं होतं, हे तिला पटत होतं. पण उद्या दुसऱ्या देशातल्या कुणी तेच उंदीर घेऊन नीट दिवस मोजले तर? मॅडमचं नाव जाईल आणि आपण कुठे चुकलो हे त्या जन्मभर शोधत बसतील. वेणूला ते सहन होईना.

चार वाजता ती प्रयोगशाळेत गेली. मॅडम हसून म्हणाल्या, "ये ये, कार्डं आणलीस? आधी पेढा घे."

"पेढा नको, मॅडम. माजी चूक झाली हाय."

तिने चारही कार्डं टेबलावर मांडली आणि एका दमात सगळं सांगितलं. मॅडमनी पेन उचलून तारखा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"पिल्लं लहान होती," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी लिहून टाकलं, ह्या जातीत वाढच मंद असते." मग त्यांचा आवाज चढला. "वेणू, तीन महिने! तीन महिने तुझ्या लक्षात नाही आलं?"

"नाय आला, मॅडम."

"तू सुतकात कामावर होतीस? मला बोलली नाहीस?"

"रजा चारच दिस मिलते. आमच्यात मानूस गेला का तो दिस पयला. डोक्यात तोच बसला होता. मी मुद्दाम नाय केला."

मॅडम खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आज काही पाठवत नाही. संध्याकाळी नव्या जोड्या लाव."

पुढचे तीन आठवडे वेणूचा जीव टांगणीला लागला होता. सकाळी सहालाच ती प्राणिघरात असायची. मादी दोनदा बघायची, तारीख तीनदा मोजायची. करार फक्त तीन महिन्यांसाठी वाढवून आला. का, ते तिने विचारलं नाही. एकवीरेला तिने एकच मागणं घातलं: आई, ते जनुक खरंच उशिरा उठू दे. माझी चूक चूकच राहू दे, पण मॅडमचं खरं निघू दे.

अकराव्या दिवशीचे काप तयार झाले तेव्हा मॅडमनी तिला बोलावून घेतलं. "बघ," एवढंच म्हणाल्या.

नऊ वर्षांत वेणूने सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावला नव्हता. आधी नुसताच धूसर उजेड दिसला. मॅडमनी चक्री फिरवली आणि चिमुकल्या पाठीतून डोक्याकडे चढत गेलेली जांभळी रेघ तिला दिसली. इतकी नाजूक आणि इतकी ठसठशीत, की तिला क्षणभर आनंदच झाला. मग तिच्या ध्यानात आलं.

"ही बंगलोरची?"

"बंगलोरची. अकराव्याच दिवशी. काही उशीर नाही."

एवढ्यात फोन वाजला. दिल्लीहून मॅडमचे वरिष्ठ बोलत होते. "नाही सर," मॅडम म्हणाल्या, "फरक नाहीये. निबंध आता पाठवत नाही... हो, दिवस मोजण्यात चूक झाली. माझी, सर. नोंदी मी तपासायला हव्या होत्या."

वेणूने तोंड उघडलं, पण मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वेणूला वाटलं.

फोन ठेवून मॅडमनी कपाटातून जुन्या काचांच्या दोन पेट्या काढल्या. तीन महिन्यांचं काम होतं त्यांत. प्रत्येक काचेवर त्यांच्या बारीक अक्षरात दिवस लिहिलेला, प्रत्येक चुकीचा.

"ह्या टाकून दे," त्या म्हणाल्या आणि कॉम्प्युटरकडे वळल्या.

फुटक्या काचांचा डबा बाहेर पॅसेजमध्ये, दाराला लागूनच होता. वेणू त्याच्यापुढे उकिडवी बसली. पेटी पालथी करायची आणि मोकळं व्हायचं, रोजचीच पद्धत. तिने पहिली काच काढली, हात डब्यात खोलवर घातला आणि ती तळाशी आडवी ठेवली. मग दुसरी. दारापलीकडे मॅडमना आवाज जाऊ नये म्हणून दोन्ही पेट्या तिने अशाच, एकेक काच ठेवत रिकाम्या केल्या.